एकच डोनर, दोन पेशंट: बोस्टनमधल्या शौच-प्रत्यारोपणाची केस

१३ जून २०१९ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, एक इशारा काढला. दोन पेशंट, दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी झालेली, दोघांनाही एकाच डोनरच्या शौचापासून बनवलेलं औषध दिलेलं, आणि दोघांच्याही रक्तात नंतर औषधांना दाद न देणारा एकच जंतू, ई. कोलाय, सापडला. त्यातला एक गेला. पेशंट बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या दोन वेगवेगळ्या ट्रायलमधले होते. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तिथल्याच डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सगळी केस स्वतः लिहून छापली, कुठे काय राहून गेलं त्यासकट.

या केसबद्दल नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण हल्ली 'गट हेल्थ'वर, म्हणजे पोटाच्या आरोग्यावर, इतकं काही बोललं जातं, चांगले बॅक्टेरिया वाईट बॅक्टेरिया, हे खा ते पिऊ नका, आणि त्या सगळ्यात पोटातले जंतू माणसाला तारतात कसे आणि मारतात कसे हे मुळातून कुणी सांगत नाही. या एका केसमध्ये ते जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधी मुळात शौच-प्रत्यारोपण करतात कशाला ते बघू. नाव ऐकून किळस वाटते हे खरं, पण कल्पना साधी आहे. आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात असा २०१६ चा अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. अन्नातला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्यांच्यावरच पोसल्या जातात. शिवाय सगळी जागा आणि सगळं खाणं त्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे बाहेरून आलेल्या जंतूला पाय रोवायला वावच मिळत नाही. आता समजा एखाद्याला न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलमध्ये जोरदार अँटिबायोटिक चालू झालं. फुप्फुसातला जंतू मेला ते बरंच झालं, पण आतड्यातली ही वस्तीही उठली. मग नांगरून मोकळ्या पडलेल्या रानात पेरणीआधी तण माजावं तसा तिथे क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू माजतो, डॉक्टर त्याला सी डिफ म्हणतात.

हा सी डिफ बीजाणूच्या, म्हणजे कवचात झोपलेल्या, रूपात कुठेही पडून राहू शकतो, हात धुवायच्या अल्कोहोल जेलनेही मरत नाही. आतड्यात गेल्यावर त्याला उगवायला पित्तातली काही आम्लं मदत करतात. निरोगी पोटात मात्र क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे काही बॅक्टेरिया त्याच पित्ताम्लांचं रूप बदलून टाकतात आणि ते बदललेलं रूप सी डिफची वाढ दाबून ठेवतं. म्हणजे राखणदार अँटिबायोटिकने गेले की मदत करणारी पित्ताम्लं तशीच राहतात आणि दाबणारी संपतात. मग दिवसातून दहा-पंधरा वेळा पाण्यासारखे जुलाब, ताप, आतड्याला सूज. एकट्या अमेरिकेत २०११ साली साधारण ४ लाख ५३ हजार लोकांना हा आजार झाला आणि निदानानंतर ३० दिवसांच्या आत सुमारे २९ हजार दगावले. उपचार पुन्हा अँटिबायोटिकचाच, व्हँकोमायसिन वगैरे, त्याने सी डिफ मरतो पण वस्तीला परत बसायची संधी मिळत नाही, गोळ्या थांबल्या की बीजाणू पुन्हा उगवतात, आणि काही पेशंट या चक्रात महिनोन्महिने अडकून राहतात.

त्यावर उपाय म्हणून एखाद्या निरोगी माणसाची अख्खी वस्तीच उचलून आणायची. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला बेन आइसमन या सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा चार पेशंटना निरोगी माणसाच्या शौचाचे एनिमा दिले होते आणि ते बरे झाले होते, तेव्हा या आजाराच्या मागे सी डिफ आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, ते १९७८ मध्ये कळलं. पण पक्का पुरावा यायला २०१३ उजाडलं. ॲम्स्टरडॅममधल्या ट्रायलमध्ये नाकातून नळी घालून लहान आतड्यात डोनरच्या शौचाचं पाणी सोडलं, १६ पैकी १३ जण एकाच डोसमध्ये बरे झाले, दुसऱ्या डोसनंतर १५. नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी ४. फरक इतका उघड होता की ट्रायल मधेच थांबवली, बाकीच्यांना या उपचारापासून लांब ठेवणं बरोबर नव्हतं. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या टीमने शौच गोठवून कॅप्सूलमध्ये भरून द्यायला सुरुवात केली. दोन दिवस रोज १५ कॅप्सूल. २० पैकी १४ जणांचे जुलाब पहिल्या फेरीत थांबले, ज्यांचे थांबले नाहीत त्यांना परत दिल्यावर एकूण १८. नळी नाही, एनिमा नाही, कॅप्सूल फ्रीझरमध्ये तयार. पुढची गोष्ट याच फ्रीझरमधली आहे.

सी डिफमध्ये इतकं यश आल्यावर साहजिकच डॉक्टरांच्या मनात आलं की ज्या ज्या आजारात पोटातली वस्ती बिघडलेली दिसते तिथे तिथे हे करून बघावं. आणि हे उगाच नव्हतं, त्यामागे कारणं होती.

लिव्हर सिरोसिसचा पेशंट ज्यांनी घरात बघितलाय त्यांना माहीत असेल, माणूस दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो, कुठला वार आहे ते सांगता येत नाही, हात पुढे धरायला सांगितलं तर थरथरतात, आणि जास्त झालं तर बेशुद्ध. याला हेपॅटिक एन्सेफलोपॅथी म्हणतात. आतड्यातले बॅक्टेरिया अमोनिया बनवतात, एरवी लिव्हर तो काढून टाकतं, पण लिव्हरच थकलं की तो मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून तर त्या पेशंटना लॅक्टुलोजचं गोड सिरप आणि रिफॅक्सिमिनच्या गोळ्या देतात, दोन्ही औषधं आतड्यातच काम करतात. म्हणजे डोकं बिघडतंय आणि इलाज पोटात चाललाय. मग वस्तीच बदलली तर? २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला २० पेशंटवर छोटी ट्रायल झाली होती आणि तिचे निकाल आशादायक होते.

बोस्टनमधला पहिला पेशंट असाच, ६९ वर्षांचा, हेपॅटायटिस सीमुळे लिव्हर सिरोसिस झालेला, औषधांनी एन्सेफलोपॅथी आटोक्यात येत नव्हती. त्याला मार्च-एप्रिल २०१९ मध्ये दर तीन-चार दिवसांनी १५ कॅप्सूल असे पाच डोस दिले. सगळं सुरळीत पार पडलं. शेवटच्या डोसनंतर १७ दिवसांनी ताप आणि खोकला. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला, न्यूमोनिया समजून लिव्होफ्लॉक्सासिन चालू केलं, आणि इथे त्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, कुणीही तेच केलं असतं. दोन दिवसांनी बरं वाटत नव्हतं आणि तोवर पहिल्या भेटीत घेतलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू उगवला होता. ॲडमिट केलं, पुढे कळलं की हा ईएसबीएल ई. कोलाय आहे. ईएसबीएल म्हणजे या जंतूकडे असं एन्झाइम असतं की ते पेनिसिलिन आणि सेफट्रायक्झोनसारख्या सेफॅलोस्पोरिन औषधांचे तुकडे करून टाकतं, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये सर्रास दिली जाणारी इंजेक्शनं निकामी ठरतात. मेरोपेनेमच्या वर्गातली औषधं दिल्यावर पेशंट वाचला.

दुसरा पेशंट ७३ वर्षांचा. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, म्हणजे अस्थिमज्जेचा आजार, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, घालायच्या होत्या. या ट्रायलमागचा विचारही पटण्यासारखा होता. अशा प्रत्यारोपणात केमो आणि अँटिबायोटिक्समुळे पोटातली विविधता फार घसरते, आणि जितकी घसरते तितके मृत्यू जास्त, हे एकेका हॉस्पिटलच्या अभ्यासांतून तेव्हा दिसायला लागलं होतं. नंतर २०२० मध्ये न्यूयॉर्क, डरहॅम, जर्मनीतलं रेगेन्सबुर्ग आणि जपानमधलं सापोरो अशा चार ठिकाणच्या १,३६२ पेशंटच्या अभ्यासात ते पक्कं झालं. तर या माणसाला स्टेम सेल द्यायच्या चार आणि तीन दिवस आधी १५-१५ कॅप्सूल दिल्या. स्टेम सेल दिल्यानंतर पाचव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या कॅप्सूलनंतर आठव्या दिवशी, जोराचा ताप, थंडी, भ्रम. पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर असताना ताप येणं म्हणजे इमर्जन्सीच, लगेच अँटिबायोटिक चालू झालं, पण काही तासांतच श्वास जायला लागला, व्हेंटिलेटर लावावा लागला, मेरोपेनेमवर नेलं. रक्तात तोच ईएसबीएल ई. कोलाय. दोन दिवसांनी तो पेशंट गेला.

दोन वेगळ्या ट्रायल, दोन वेगळे विभाग. दुवा जुळला तो डोनरपाशी. त्या डोनरच्या उरलेल्या कॅप्सूल तपासल्या तर त्यात तोच जंतू, आणि पूर्ण जीनोम वाचून बघितला तेव्हा कॅप्सूलमधला आणि दोघांच्या रक्तातला जंतू एकच असल्याचं दिसलं. डोनर स्वतः ठणठणीत होता. त्याची नियमाप्रमाणे तपासणी झाली होती आणि त्यात तो पास झाला होता, फक्त त्या वेळच्या तपासणीच्या यादीत ईएसबीएल नव्हता.

आणि आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. जानेवारी २०१९ पासून या टीमने डोनरच्या तपासण्या वाढवल्या होत्या आणि वाढवलेल्या यादीत ईएसबीएलची टेस्ट होती. पण या डोनरचं शौच त्याआधी, २०१८ च्या शेवटी घेतलेलं होतं. कॅप्सूल फ्रीझरमध्ये पडून होत्या. नवा नियम नव्याने येणाऱ्या मालाला लागू झाला, जुना साठा कुणी परत तपासला नाही, बाजूलाही काढला नाही. टेस्ट अवघड नव्हती, महागही नव्हती, कुठल्याही बऱ्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये होते. मला वाटतं जगभरातल्या कुठल्याही रक्तपेढीच्या, औषध कंपनीच्या, हॉस्पिटलच्या माणसाने या केसमधून एकच गोष्ट उचलायची ठरवली तर ती ही असावी, की तपासणीचा नियम बदलला की त्याच दिवशी फ्रीझर उघडून बघायचा.

पण पोटातल्या जंतूंच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. त्याच डोनरच्या कॅप्सूल आणखीही पेशंटनी घेतल्या होत्या. त्यांना शोधून त्यांची तपासणी केली तेव्हा काहींच्या शौचात तो जंतू सापडला, पण रक्तात जाऊन आजारी पडलेले हे दोघेच. डोनरच्या पोटात तो गपगुमान राहत होता. मग हा जंतू चांगला की वाईट? प्रश्नच चुकीचा आहे. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात आहे, आत्ता हे वाचताना तुमच्याही आहे, आणि आतड्याच्या आत असेपर्यंत त्याची काही तक्रार नसते. तो कुठे पोचतो आणि तिथे त्याला अडवायला कोण आहे यावर सगळं ठरतं.

सिरोसिसमध्ये आतड्याची भिंत पाझरू लागते. आतड्याकडून येणारं रक्त आधी लिव्हरमधून गाळून जातं, तिथे कुप्फर पेशी नावाचे पहारेकरी बसलेले असतात आणि निसटून आलेले बॅक्टेरिया ते पकडतात. लिव्हर कडक झालं की रक्त आडवाटेने जातं, पहारा चुकतो. दुसऱ्या पेशंटमध्ये तर तीनही गोष्टी एकदम होत्या, केमोने आतड्याचं अस्तर सोललेलं, रक्तात पांढऱ्या पेशी नाहीत, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकलाही दाद न देणारा जंतू समोर. अशा पेशंटच्या पोटात दुसऱ्याची वस्ती घालताना ती त्याच्या रक्तातसुद्धा जाऊ शकते हे धरूनच चालायला हवं होतं. सी डिफच्या पेशंटमध्ये जी जोखीम परवडते ती इथे परवडत नाही, कारण सी डिफमध्ये फायदा सिद्ध झालेला होता आणि या दोन आजारांत तो अजून शोधला जात होता.

इशाऱ्यानंतर एफडीएने नियम केला: डोनरला औषधांना दाद न देणारे जंतू असण्याची शक्यता किती हे प्रश्न विचारून तपासायचं, शौचाची ईएसबीएल, कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या वर्गाला) न जुमानणारे जंतू, आणि व्हीआरई आणि एमआरएसए हे औषधांना दाद न देणारे आणखी दोन जंतू, यांच्यासाठी टेस्ट करायची, आणि आधीचा साठाही यात धरायचा. तरी मार्च २०२० मध्ये दुसरा इशारा काढावा लागला, एका स्टूल बँकेतून, म्हणजे डोनरचं शौच साठवून पुरवणाऱ्या संस्थेतून, आलेल्या मालातून सहा पेशंटना रोग पसरवणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या ई. कोलायचा संसर्ग झाल्याचा संशय होता. म्हणजे यादीत असतं तेच टेस्टमध्ये सापडतं, आणि शौचात काय काय आहे याची यादी कधी पूर्ण होत नाही.

म्हणूनच मला पुढचं एक पाऊल फार महत्त्वाचं वाटतं. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत वाउस्ट नावाच्या कॅप्सूलना परवानगी मिळाली. त्याही डोनरच्या शौचापासूनच बनतात, पण मधे तो माल इथेनॉलमध्ये धुतात. ई. कोलायसारखे उघडे बॅक्टेरिया त्यात मरतात आणि ज्यांचे बीजाणू होतात तेवढेच टिकतात, आणि पित्ताम्लं बदलणारे, सी डिफला दाबणारे बरेचसे कामाचे बॅक्टेरिया नेमके या बीजाणूवाल्या गटातले आहेत. १८२ पेशंटच्या ट्रायलमध्ये सी डिफ परत उलटण्याचं प्रमाण औषध नसलेल्या दिखाऊ कॅप्सूलवाल्यांमध्ये ४० टक्के होतं, औषधवाल्यांमध्ये १२. बोस्टनच्या त्या डोनरचा ई. कोलाय या अल्कोहोलमधून वाचला नसता.

आता आपल्याकडे. शौच-प्रत्यारोपण भारतातही होतं. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) त्याच्या ट्रायल झाल्यात, दिल्लीच्या आयएलबीएस या लिव्हरच्या हॉस्पिटलमध्ये दारूमुळे होणाऱ्या गंभीर हेपॅटायटिससाठी झालंय, तेही लिव्हरचेच पेशंट. आणि डोनर शोधायचा तर भारतात बोस्टनपेक्षा कितीतरी जास्त अवघड आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी परदेशी जाऊन आलेल्या सुमारे २,००० प्रवाशांचा अभ्यास २०१७ मध्ये छापला, त्यात जाताना ज्यांच्या पोटात ईएसबीएल नव्हता अशांपैकी दक्षिण आशियात जाऊन आलेल्या साधारण ७५ टक्के लोकांनी तो पोटात घेऊन परत आणला. हे लोक काही दिवस-आठवड्यांसाठी आलेले, आपण तर इथेच राहतो, इथलंच पाणी पितो. पुण्याहून न्यू जर्सीला परत गेलेल्या कुणी तिथे डोनर व्हायचं ठरवलं तर प्रवासाबद्दल विचारतात ते यासाठीच, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. बहुतेक प्रवाशांच्या पोटातून तो काही आठवड्यांत निघूनही जातो, पण दर नऊ जणांपैकी साधारण एकाच्या पोटात वर्षभर टिकलेला दिसला.

तो इतका पसरला कसा याचं उत्तर मेडिकलच्या काउंटरवर मिळतं. सर्दी झाली, पोट बिघडलं, की चिठ्ठीशिवाय सेफिक्झिमची स्ट्रिप, तेही सेफॅलोस्पोरिनच. मार्च २०१४ पासून ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदाराने नोंद ठेवायची, पण नियम किती पाळला जातो ते आपण सगळे बघतोच. विषाणूमुळे झालेल्या जुलाबाला सेफिक्झिम घेतलं तर जुलाब त्याने थांबत नाहीत, पोटातली वस्ती मात्र उठते, आणि जे उरतात ते नेमके सेफिक्झिमला न जुमानणारे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, घरच्या घरी नातेवाइकाच्या शौचाचा एनिमा देण्याचे प्रकार काही लोक इंटरनेटवर बघून करतात, ते करू नका, निरोगी दिसणारा माणूस या केसमधल्या डोनरइतकाच निरोगी असू शकतो. आणि सी डिफ वारंवार उलटतोय म्हणून तुमच्या घरातल्या कुणाला डॉक्टरांनी हा उपचार सुचवला असेल तर घाबरून नाही म्हणू नका, त्या आजारासाठी हा उपचार खरंच चांगला आहे. फक्त चार गोष्टी विचारा. डोनरच्या शौचाची ईएसबीएल आणि कार्बापेनेम-रेझिस्टंट जंतूंसाठी टेस्ट झाली आहे का. ती कोणत्या तारखेची. आमच्या पेशंटला देणार तो माल त्या तारखेच्या आधी गोठवलेला आहे की नंतर. आणि पेशंटला सिरोसिस असेल, केमो चालू असेल किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस असतील, तर हे सगळं माहीत असूनही फायदा जास्त आहे असं त्यांना का वाटतं.